संगणक सुधारला, टपाल अडले

(नभोवाणीवरील भाषण)

डिचोलीत आमच्या वाड्यावर एक माई राहतात. वय सत्तरीच्या पुढचे. यजमानांना जाऊन काही वर्षे झाली. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे, वर्षातले आठ महिने समुद्रावरच असतो. जहाजावरून फोन लागतोच असे नाही. त्यामुळे या घरात पत्रव्यवहार अजून जिवंत आहे. फक्त तो कागदावर न होता संगणकावर होतो. यजमानांनी हयातीत तो संगणक घेतला, त्यावर टपालाचा प्रोग्रॅम बसविला आणि मुलाची व आपली पत्रे वर्षवार कप्पे करून नीट लावून ठेविली. सायंकाळी दिवाबत्ती झाली की माई खुर्ची ओढून त्या पेटीपुढे बसतात. नवे पत्र असले तर ते वाचतात, नसले तर जुने वाचतात.

मागे पावसाळ्यात एका सकाळी संगणकाने स्वतःहून ‘अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नये’ अशी सूचना दाखविली आणि पाऊण तास एक चक्र गरगर फिरत राहिले. त्यानंतर टपालाचा प्रोग्रॅम उघडला, तो पासवर्ड विचारू लागला. माईंनी वहीत लिहून ठेवलेला पासवर्ड घातला. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा घातला, पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी नात्यातला एक तरुण आला. त्याने पाहून सांगितले, ‘माई, पेटी बिघडली. दुकानात देऊया. फॉर्मॅट मारून नव्यासारखी करून देतील.’

माई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘फॉर्मॅट म्हणजे काय गो, टीचर?’

मी म्हटले, ‘माई, शाळेत आपण पाटी पुसतो ना, तसे.’

माई दारातच थांबल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘मग ह्यांची पत्रे?’

श्रोतेहो, आजचे भाषण या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. गोव्यात अशी घरे थोडी नाहीत. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कोणाचा मुलगा आखातात, कोणाची मुलगी पोर्तुगालमध्ये अथवा इंग्लंडमध्ये. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हापासून डिचोलीतली पुष्कळ मंडळी पोटापाण्यासाठी दूर गेली. घर आणि माणूस यांच्यामध्ये पत्रांचा जो धागा आहे, तो एका सकाळच्या अपडेटने तुटल्यासारखा वाटतो. तो खरोखर तुटलेला असतो काय, हे कसे ओळखावे आणि तो सांधताना हातून अधिक नुकसान कसे होऊ देऊ नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ईमेलची व्यवस्था समजून घ्यावयाची तर आपल्या नेहमीच्या टपालाचीच उपमा घ्यावी. पत्र प्रथम टपालकचेरीत येते. ईमेलची टपालकचेरी म्हणजे सर्व्हर. तो गूगलचा असेल, मायक्रोसॉफ्टचा असेल, अथवा अन्य कोणा सेवेचा असेल. तो आपल्या घरात नसतो, एवढे ध्यानात ठेवावे. कचेरीपासून घरापर्यंतचा रस्ता म्हणजे इंटरनेट. आणि घरातल्या संगणकावरचा टपालाचा प्रोग्रॅम, मग तो आउटलुक असो वा थंडरबर्ड असो, हा जणू आपला गडी. तो कचेरीत जातो, आपली किल्ली दाखवितो, पत्रे आणतो आणि आपण लिहिलेली पत्रे नेऊन टाकतो.

आता अपडेट म्हणजे काय? अपडेट होते ते बहुधा घरातल्या यंत्राचे, म्हणजे गड्याचे. त्याला नवे नियम शिकविले जातात, जुन्या काही सवयी सोडावयास लाविल्या जातात. या गडबडीत तो एखादे वेळी किल्ली विसरतो, एखादे वेळी कचेरीचे दार चुकतो, आणि क्वचित प्रसंगी आजारीच पडतो. पण गडी आजारी पडला म्हणून टपालकचेरी जळून जात नाही. नवी पत्रे तेथे येतच असतात. घाबरलेल्या माणसाला पहिला धीर द्यावयाचा तो हाच.

मात्र जुन्या पत्रांच्या बाबतीत एक मोठी मेख आहे, आणि ती न कळल्यामुळेच घरोघरी नुकसान होते. गडी दोन रीतींनी काम करतो. पहिल्या रीतीला ‘पॉप’ म्हणतात. ही १९८४ सालापासूनची जुनी रीत. हिच्यात गडी पत्रे उचलून घरी आणतो आणि कचेरीतली प्रत लगेच किंवा काही दिवसांनी काढून टाकली जाते. म्हणजे जुने पत्र फक्त आपल्या घरातल्या पेटीत उरते. दुसऱ्या रीतीला ‘आयमॅप’ म्हणतात. ती १९८६ साली निघाली. हिच्यात मूळ पत्र कचेरीतच राहते आणि घरी येते ती केवळ प्रत. आयमॅपच्या घरी संगणक पुसला गेला तरी पत्रे पुन्हा उतरवून घेता येतात. पॉपच्या घरी संगणक पुसला की दहा-बारा वर्षांची पत्रे कायमची गेली. म्हणून फॉर्मॅट हा शब्द कोणी उच्चारला की प्रथम विचारावे, आपले घर पॉपचे की आयमॅपचे? प्रोग्रॅममध्ये खात्याची माहिती, म्हणजे ‘अकाउंट सेटिंग्ज’, उघडली की तेथे हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो.

माईंच्या घरी जाऊन मी प्रथम तेच पाहिले. तेथे पॉप होते.

म्हणून आम्ही काहीही दुरुस्त करण्याआधी पत्रांची प्रत घेतली. हे काम अवघड नाही. आउटलुकची घरी उतरवलेली पत्रे एका मोठ्या फाइलीत असतात. तिच्या नावाच्या शेवटी पीएसटी ही तीन अक्षरे असतात, आणि ती बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात सापडते. थंडरबर्डची पत्रे ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरात असतात. प्रोग्रॅमच्या मदतीच्या यादीतून ते फोल्डर उघडता येते. प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा, ती फाइल किंवा ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवावे, आणि पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. माईंनी तो देवघरातल्या फळीवर ठेविला. मी काही बोलले नाही; जागा सुरक्षितच होती.

पत्रे अशी सुरक्षित झाली म्हणजे मन शांत होते, आणि शांत मनानेच दोष शोधता येतो. दोष तीन ठिकाणी असू शकतो: घरात, रस्त्यावर किंवा कचेरीत. तो कोठे आहे हे ठरविण्याची सोपी रीत अशी. प्रथम ब्राउझर उघडून कोणतेही एक नेहमीचे पान पाहावे. ते येत नसेल तर रस्ताच बंद आहे; राउटर दोन मिनिटे बंद करून पुन्हा चालू करावा, तार पाहावी, आणि ईमेलचा विचार तूर्त सोडून द्यावा. पान येत असेल तर त्याच ब्राउझरात आपल्या टपालसेवेचे पान उघडून तेथे आपला पत्ता व पासवर्ड घालावा. हे म्हणजे गड्याला घरी ठेवून आपण स्वतः कचेरीत जाऊन पाहणे. मोबाइलवर टपाल येत असेल तर तोही पुरावा चालतो. तेथे नवी पत्रे दिसली तर कचेरी ठीक आहे, रस्ता ठीक आहे, बिघाड गड्याकडे किंवा त्याच्या किल्लीत आहे. तेथेही पासवर्ड चालला नाही तर प्रश्न खात्याचाच आहे. टपालसेवेने पासवर्ड विसरलेल्यांसाठी ठेवलेली वाट धरावी.

एक गोष्ट येथे आणखी पाहावी. कचेरीतले आपले कोठार भरले तर नवे पत्र आत येत नाही, पाठविणाऱ्याकडे परत जाते. गूगल आपल्या विनामूल्य खात्याला १५ जीबी जागा देते, पण त्याच जागेत पत्रे, छायाचित्रे व इतर फाइली मिळून बसावयाच्या असतात. नातवंडांच्या चित्रफिती साठत गेल्या की टपालाची जागा नकळत संपते, आणि दोष मात्र अपडेटला लागतो.

माईंच्या बाबतीत ब्राउझरात पाहिले तेव्हा गेल्या चौदा दिवसांतलीच पत्रे तेथे होती; त्यापूर्वीची सारी घरच्या पेटीतच होती. आणि त्या चौदा दिवसांत मुलाची तीन न वाचलेली पत्रे होती. माईंनी ती तेथेच उभ्या उभ्या वाचली. जहाज तेव्हा सिंगापूरच्या बंदरात होते. आमच्या दुरुस्तीचे पुढचे काम अर्धा तास थांबले, आणि ते योग्यच झाले.

मग दोष किल्लीचा ठरला. तो समजण्यास थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९७१ साली रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यावरून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पत्र पाठविले आणि पत्त्यात माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घातले. पत्र पाठविण्याचे ‘एसएमटीपी’ नावाचे नियम १९८२ साली लिहिले गेले. त्या काळी हे जाळे वापरणारे लोक थोडे, बहुतेक विद्यापीठांतले व संशोधनसंस्थांतले. गावात सगळे ओळखीचे असले की दाराला कडी लावावयाची कोणाला आठवत नाही, तसे ते दिवस होते. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. गाव वाढले, चोर आले, आणि मग कड्याकुलपे घालण्याचे काम सुरू झाले. ते अजून चालू आहे.

या कुलपांतले मोठे कुलूप अलीकडचे. पूर्वी गडी कचेरीत जाऊन नाव व पासवर्ड सांगे आणि पत्रे घेऊन येई. परंतु गड्याच्या हातात घराची मुख्य किल्ली देणे धोक्याचे असते. म्हणून गूगलने ३० मे २०२२ पासून घरगुती खात्यांपुरती ही पद्धत बंद करण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टने आपल्या घरगुती टपालसेवेसाठी १६ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरविली. आता प्रोग्रॅमने टपालसेवेचे स्वतःचे पान उघडून तेथे आपल्याकडून परवानगी घ्यावयाची असते. प्रोग्रॅम जुना असून त्याला हे जमत नसेल तर गूगलसारख्या सेवा त्याच्यासाठी वेगळा ‘ॲप पासवर्ड’ देतात. तो सोळा अक्षरांचा असतो. खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असेल तरच तो मिळतो, आणि तो त्या एकाच प्रोग्रॅमपुरता वापरावयाचा असतो. एरवीचा पासवर्ड कितीही बरोबर असला तरी तेथे चालत नाही.

गोव्यातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगताना मला मुक्तीचे दिवस आठवतात, अर्थात ऐकलेले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी आपल्या पत्रांवर पोर्तुगीज तिकीट लागे, पुढे लवकरच भारतीय तिकीट आले. गाव तेच, पत्ता तोच, पत्र वाटणारा माणूसही पुष्कळ ठिकाणी तोच असेल. पण पेटाऱ्यात राहिलेले जुने तिकीट लावून पत्र टाकले असते तर ते चालले नसते. आणि म्हणून पूर्वी आलेली पत्रे कोणी फाडून टाकली नाहीत. आज आपल्या संगणकांचे तसेच झाले आहे. तिकीट बदलले, पत्रे आहेत तेथेच आहेत.

माईंच्या टपालसेवेने नवा नियम लागू केला तो नेमका त्याच आठवड्यात. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गाठ पडली, आणि आळ अपडेटवर आला. आम्ही दुहेरी पडताळणी लाविली, सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड घेतला, तो प्रोग्रॅमला दिला, आणि गडी निमूटपणे कामाला लागला. दुकान नाही, फॉर्मॅट नाही.

प्रत्येक वेळी मात्र दोष किल्लीचाच असतो असे नाही. पेडण्याचे एक निवृत्त गुरुजी माझ्या परिचयाचे आहेत. नाताळच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेले होते. अपडेट झाल्यापासून टपाल येत नाही, शिवाय प्रत्येक पानावर ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असे लिहून येते, अशी त्यांची तक्रार. मी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. त्यावर तारीख होती २००९ सालची. आपल्याकडे पावसाळ्यात विजांच्या भीतीने लोक संगणकाचा प्लग महिना महिना काढून ठेवतात. अशा वेळी आतले घड्याळ एका नाण्याएवढ्या सेलवर चालते. बहुधा त्या सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो सेल संपला की यंत्र पुन्हा जुन्याच साली जागे होते. टपालकचेरीकडे आपली ओळख पटविणारे प्रमाणपत्र असते, आणि त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. यंत्राच्या लेखी अजून २००९ साल चालू असेल तर २०२५ सालचे प्रमाणपत्र त्याला खोटेच वाटणार. तारीख व वेळ नीट केली, सेल बदलला, आणि टपाल आले. गुरुजी म्हणाले, ‘म्हणजे बाई, दोष अपडेटचाही नाही आणि माझाही नाही, पंचांगाचा!’ आम्ही दोघेही हसलो. पण ध्यानात ठेवा, टपालाबरोबर इतर पानेही असुरक्षिततेची तक्रार करू लागली तर पहिली नजर घड्याळाकडे टाकावी.

आणखी एक लक्षण सांगते. कधी पत्रे येतात पण जात नाहीत. कधी जातात पण येत नाहीत. येण्याचे दार आणि जाण्याचे दार वेगवेगळे असते, म्हणून असे घडते. प्रत्येक दाराला क्रमांक असतो. पत्रे आणण्यासाठी आयमॅपचे सुरक्षित दार ९९३, पॉपचे ९९५. पत्रे पाठविण्यासाठी ४६५ किंवा ५८७. खात्याच्या माहितीत १४३, ११० किंवा २५ हे जुने, बहुधा बिनकुलपाच्या काळातले क्रमांक राहून गेले असतील तर आजच्या सेवा ते नाकारू शकतात. आपल्या टपालसेवेच्या मदतीच्या पानावर बरोबर क्रमांक दिलेले असतात. ते पाहूनच बदल करावा आणि जुना आकडा आधी वहीत टिपून ठेवावा. पत्रे येतात पण जात नाहीत, अशी स्थिती असेल तर केवळ पाठविण्याच्या दाराकडे पाहावे. बाकीच्याला हात लावू नये. यंत्रावर वेगळे विषाणुरोधक म्हणजे अँटिव्हायरस असेल, तर तोही पहारेकऱ्यासारखा गड्याला दारात अडवीत नाही ना, हे थोडा वेळ त्याची टपालतपासणी बंद करून पाहता येते. पाहून झाले की ती पुन्हा चालू करावी.

आता खऱ्या आजाराविषयी, म्हणजे जेथे दोष अपडेटचाच असतो. असेही घडते, आणि ते मान्य केले पाहिजे. १३ जानेवारी २०२६ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजचे मासिक अपडेट दिले. त्यानंतर ज्यांच्याकडे जुन्या धर्तीचे आउटलुक होते आणि ज्यांची पत्रे पॉप रीतीने किंवा पीएसटी फाइलीत होती, त्यांच्यापैकी अनेकांचा प्रोग्रॅम गोठू लागला. बंद केल्यावर पुन्हा उघडेना. मायक्रोसॉफ्टने हा दोष कबूल केला, आणि तोपर्यंत ब्राउझरातून टपाल पाहावे असा एक तात्पुरता उपाय सुचविला. २४ जानेवारी रोजी दुरुस्तीचे वेगळे अपडेट आले. अकरा दिवसांचा हा प्रश्न होता. या अकरा दिवसांत ज्यांनी ब्राउझरातून टपाल वाचले त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी घाईने पेटी पुसून घेतली असेल त्यांचे मात्र जे गेले ते दुरुस्तीच्या अपडेटने परत येणारे नव्हते.

म्हणून प्रोग्रॅमच आजारी वाटला तर क्रम असा ठेवावा. यंत्र एकदा पूर्ण बंद करून चालू करावे. पडद्यावर चुकीचा जो संदेश येतो तो शब्दशः, आकड्यांसकट, वहीत लिहावा. वैद्याला लक्षण सांगितल्याशिवाय औषध मिळत नाही. नवी दुरुस्ती आली आहे काय हे अपडेटच्या पानावर पाहावे. प्रोग्रॅमला नंतर जोडलेले लहानसहान भाग बंद करून तो ‘सेफ मोड’मध्ये उघडतो का पाहावे. एवढ्याने भागले नाही तर काही दिवस ब्राउझरातून टपाल वाचावे. झालेले अपडेट काढून टाकण्याची सोय विंडोजमध्ये अपडेटच्या इतिहासात आहे, पण ती शेवटची पायरी. कारण अपडेटबरोबर त्याने बसविलेली कुलपेही निघतात.

काही वेळा गडी आजारी नसतो, निवृत्त झालेला असतो. विंडोजबरोबर येणारा ‘मेल’ नावाचा साधा प्रोग्रॅम घरोघरी वापरात होता. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याचे काम संपविले. त्यानंतर त्यातून पत्रे पाठविणे वा घेणे होत नाही, त्याच्या जागी नवे आउटलुक दिले गेले. अशा वेळी जुन्या प्रोग्रॅमशी झटापट करण्यात अर्थ नाही. घरी राहिलेली पत्रे बाहेर काढून घ्यावी आणि नवा गडी ठेवावा. मात्र नवे आउटलुक दुसऱ्या सेवेचे खाते जोडताना आपली पत्रे मायक्रोसॉफ्टच्या कोठारातही ठेवण्याची अनुमती मागते. ते वाचून, समजून, मगच हो म्हणावे. तसेच कोणत्याही प्रोग्रॅममधून जुने खाते काढताना ‘पत्रेही पुसावयाची काय’ असा प्रश्न आला तर थांबावे.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग अपडेटच नको. हा विचार सोडून द्यावा. अपडेट येते ते बहुतांशी चोरांना सापडलेली भोके बुजविण्यासाठी. विंडोज १० या जुन्या यंत्रणेची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवण्यात आली. देखभाल संपलेले यंत्र चालते खरे. पण ज्या घराचे छप्पर कोणी शाकारीत नाही त्या घरासारखे ते असते. पहिल्या पावसात काही होत नाही, आणि नंतर एके रात्री सगळेच भिजते. अपडेट घ्यावे, फक्त घेण्यापूर्वी पत्रांची प्रत आपल्या कपाटात असावी.

जाता जाता एक सावधगिरी. टपाल अडले की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाला गाठणारे लोक टपलेलेच असतात. इंटरनेटवर मदतीचा म्हणून जो क्रमांक प्रथम दिसतो तो खऱ्या कंपनीचाच असेल असे नाही. ‘आम्ही तुमचा संगणक येथून दुरुस्त करतो’ असे म्हणून कोणी एखादे ॲप उतरवावयास सांगितले, किंवा फोनवर आलेला ओटीपी विचारला, तर फोन ठेवून द्यावा. ईमेलच्या दुरुस्तीला बँकेच्या ओटीपीची गरज कधीही नसते. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. लाजून गप्प बसू नये. वेळेवर कळविले तर पैसे वाटेत अडविण्याची शक्यता राहते.

शेवटी सर्व एकत्र सांगते. टपाल अडले तर प्रथम काही पुसू नये. घरातली पत्रे दुसऱ्या जागी उतरवून घ्यावी. मग रस्ता पाहावा, कचेरी पाहावी, घड्याळ पाहावे, किल्ली पाहावी, दाराचे क्रमांक पाहावे, आणि सर्वांत शेवटी गड्याकडे वळावे. दुकानात यंत्र द्यावेच लागले तर ‘आधी टपालाची प्रत घ्या, मग हात लावा’ असे तोंडाने सांगावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. दुकानदाराला आपल्या पत्रांची किंमत ठाऊक असणे शक्य नाही. ती आपणच सांगावयास हवी.

माईंनी त्या दिवशी माझ्याकडून एक गोष्ट शिकून घेतली, पेन ड्राइव्हवर प्रत कशी घ्यावी ती. आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या हे काम स्वतः करतात आणि वहीत तारीख घालून ठेवतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘टीचर, पुन्हा ते चक्र फिरले हो सकाळी. मी चहा करून घेतला आणि बसून राहिले.’

श्रोतेहो, आपणही तसेच करावे.